नवा ट्विटर टाकला तरी महिन्यात पुन्हा जळतो: दोष क्रॉसओव्हरमध्ये कसा शोधायचा

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. गाडीच्या दारात कंपोनंट स्पीकर (बारीक, वरच्या सुरांचा छोटा ट्विटर वेगळा असलेला सेट) बसवले, सीटखाली चार चॅनेलचा ॲम्प (आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर) टाकला, पंधरा-वीस दिवस गाडी सुरेख वाजली आणि पन्हाळ्याहून उतरता उतरता एका बाजूचा ट्विटर मुका झाला. नवा आणून लावला. महिन्याच्या आत तोही गेला. तिसऱ्या खेपेला मग कंपनी बदलली जाते, जास्त वॉटचा ट्विटर येतो, आणि तोही त्याच वाटेने जातो.

दुसरा ट्विटर गेला की एक धरून चालायचं: दोष ट्विटरचा नाही. त्याच्यापर्यंत जे पोचायला नको ते पोचतंय. ते, म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सी (जाड सूर), वाटेत अडवण्याचं काम क्रॉसओव्हरचं. पॅसिव्ह क्रॉसओव्हर ही हातात धरता येणारी वस्तू असते, कॉइल आणि कंडेन्सरची. ॲम्पनंतर स्पीकरच्या तारेत ती जोडलेली आहे तोवर ती अडवतेच. ॲक्टिव्ह क्रॉसओव्हर ॲम्पच्या आधी, सिग्नलवर काम करतो. हेड युनिटमध्ये (डॅशबोर्डवरच्या प्लेअरमध्ये), डीएसपीमध्ये (आवाजावर काम करणाऱ्या डिजिटल यंत्रात) किंवा ॲम्पच्या इनपुटला तो एक सेटिंग म्हणून असतो. सेटिंग चुकतं, हलतं, पुसलं जातं, आणि त्या क्षणी ट्विटरपुढे काहीच आडवं उरत नाही. म्हणून आपल्या गाडीत यातलं नेमकं काय आहे आणि ते खरंच काम करतंय का, एवढं कळलं की निम्मा शोध संपतो.

सामान फार लागत नाही. साधा मल्टिमीटर, पेन ड्राइव्हवर ४०० हर्ट्झचा सलग सूर, ३.९ ओहम १० वॉटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर, आणि गेला तरी चालेल असा एखादा जुना चार इंची स्पीकर. नवा ट्विटर खोक्यातच राहू द्या. सगळं तपासून झाल्याशिवाय तो तारेला लावायचा नाही.

मेलेला ट्विटर टाकून देऊ नका

आधी तो खरंच मेलाय का ते बघा. दोन्ही तारा सोडवून मीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा आणि थेट ट्विटरच्या टोकांवर लावा. ४ ओहमचा धडधाकट ट्विटर साधारण ३ ते ३.८ ओहम दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे. दोनच्या खाली दाखवत असेल तर वेढ्यांवरचं वार्निश जळून वेढे आपसात चिकटलेत. इथे एक फसगत नेहमी होते: ट्विटरच्या तारेत कंडेन्सर असेल आणि तुम्ही कंडेन्सरच्या अलीकडे मीटर लावलंत, तर चांगला ट्विटरही मेलेलाच दिसतो, कारण कंडेन्सरमधून मीटरचा डीसी जातच नाही.

मग तो उघडा. पुढची जाळी काढली की डोमची रिंग दोन-तीन बारीक स्क्रूंवर नाहीतर गोंदावर बसलेली असते. ती हळूच उचलली की डोमला चिकटलेली नळी चुंबकाच्या फटीतून वर येते. तिच्यावर केसाएवढ्या तारेचे वेढे असतात. उजेडात धरून नीट बघा. वेढे काळे पडलेत, वार्निश फुगलंय, करपल्याचा वास येतोय, तर ट्विटर उष्णतेने गेला: जास्त गेन (ॲम्प आलेला सिग्नल किती वाढवतो ते सेटिंग), क्लिपिंग (ॲम्पला झेपेनासं झाल्यावर लाटेचे माथे छाटले जाणं), तासन्‌तास जास्त ताकद. आणि वेढे तांब्यासारखे स्वच्छ आहेत, पण जिथे तार नळीवरून निघून टर्मिनलकडे जाते तिथेच ती तुटली आहे, किंवा डोमची कड फाटली आहे, तर ट्विटर हेलकाव्याने गेला. म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सी आत शिरल्या आणि जो डोम मिलिमीटरभरही हलायला नको तो वूफरसारखा नाचला. पहिल्या प्रकारात गेनपासून सुरुवात करा, दुसऱ्यात क्रॉसओव्हरपासून. पाच मिनिटांचं हे शवविच्छेदन कुठल्याही अंदाजापेक्षा जास्त सांगतं, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. जुना ट्विटर दुकानातच भंगारात जातो.

कंपनीच्या तारेवर नवा ट्विटर

हेलकाव्याने गेलेल्या ट्विटरमागचं सर्वांत साधं कारण हे. बऱ्याच गाड्यांत कारखान्यातून आलेला ट्विटर आरशाजवळच्या त्रिकोणी प्लास्टिकमागे किंवा डॅशबोर्डच्या कोपऱ्यात असतो, आणि त्याचा क्रॉसओव्हर म्हणजे ट्विटरच्याच पाठीवर सोल्डर केलेला एकच छोटा कंडेन्सर. त्याच्याकडे येणारी तार दारातल्या स्पीकरचीच असते, पूर्ण आवाजाची. जुना ट्विटर काढला की कंडेन्सर त्याच्याबरोबर निघून जातो. फिटर त्याच कपलरला नवा ट्विटर जोडतो, नव्या सेटबरोबर आलेली क्रॉसओव्हरची डबी 'जागा नाही' म्हणून डिकीत पडून राहते, आणि ट्विटरला ढोलासकट सगळं गाणं जातं. पहिले काही दिवस आवाज उलट जास्त भरदार वाटतो, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

बघायचं एवढंच: ट्विटर ते ॲम्प तार हाताने धरत जा. वाटेत कंडेन्सर किंवा डबी लागली का? नाही लागली आणि ॲक्टिव्हही काही लावलेलं नाही, तर कारण सापडलं.

एकच कंडेन्सर असेल तर त्याचा आकडा वाचा

बाजारात मायक्रोफॅरडला एमएफडी म्हणतात. ४ ओहमच्या ट्विटरला १० एमएफडी लावला तर काप (ज्या फ्रिक्वेन्सीच्या खालचं अडवलं जायला लागतं ती) साधारण ४ किलोहर्ट्झवर बसतो, ६.८ ला ५.८ वर, ४.७ ला साडेआठवर, ३.३ ला बारावर. हिशोब सोपा आहे: १,५९,००० ला ओहम आणि एमएफडीच्या गुणाकाराने भागा, उत्तर हर्ट्झमध्ये येतं. 'ट्विटर बारीक वाजतोय' म्हणून ३.३ काढून २२ एमएफडी टाकला की काप १.८ किलोहर्ट्झवर येतो. लहान डोमच्या ट्विटरला तो मृत्यूच.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. तेवढ्याच व्होल्टेजवर फ्रिक्वेन्सी निम्मी झाली, म्हणजे सूर एक सप्तक खाली आला, की डोमचा हेलकावा चौपट होतो. ट्विटरच्या स्वतःच्या रेझोनन्सपर्यंत (ज्या फ्रिक्वेन्सीवर डोम आपसूक डोलतो तिथपर्यंत) हे असंच चालतं. एकटा कंडेन्सर दर सप्तकाला ६ डेसिबलच अडवतो, म्हणजे व्होल्टेज निम्मं करतो. चौपटीतलं निम्मं गेलं तरी दुप्पट उरतंच. त्यामुळे ६ डेसिबलच्या कापात खाली जाऊ तसा हेलकावा वाढतच राहतो. १२ डेसिबलला तो स्थिर राहतो आणि २४ ला कमी होत जातो. म्हणून एकट्या कंडेन्सरवर ट्विटर चालवायचा असेल तर काप उंच ठेवा, ५-६ किलोहर्ट्झच्या वर. खाली, ३-३.५ वर काप हवा असेल तर १२ डेसिबलची पॅसिव्ह डबी किंवा २४ चा ॲक्टिव्ह लावा. ट्विटरच्या कागदावर रेझोनन्सचा आकडा असेल तर त्याच्या दुपटीच्या खाली काप कधीच नको.

आकड्याइतकाच ओहमही महत्त्वाचा. ४.७ एमएफडीवर ८ ओहमचा ट्विटर लावला, किंवा ४ ओहमचे दोन एकापुढे एक जोडले, की काप साडेआठवरून सव्वाचारवर उतरतो. दोन समांतर जोडले की उलट सतराच्या आसपास चढतो, मग ऐकूच येत नाही म्हणून आवाज वाढवला जातो. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या छपराखाली जे बुलेट ट्विटर वाजतात त्यांनाही हाच हिशोब लागू आहे. एका बाजूला ४ ओहम, दुसऱ्या बाजूला ८, कंडेन्सर मात्र दोन्हींना तोच, आणि ८ वाला आधी जातो.

कंडेन्सर बिनध्रुवी हवा, ज्यावर वजाची पट्टी नसते. रेडिओ दुरुस्तीतला साधा पट्टीवाला कंडेन्सर इथे चालत नाही. तो ऑडिओच्या उलटसुलट व्होल्टेजवर तापतो, सुकतो, कधी फुटतो. बिनध्रुवी मिळतच नसेल तर समान आकड्याचे दोन पट्टीवाले, वजा टोकं एकमेकांना जोडून लावता येतात. एमएफडीचा आकडा मात्र निम्मा धरायचा: १० चे दोन म्हणजे ५.

ॲक्टिव्ह: ×१० चा खटका

पॅसिव्हची डबी काढून ॲक्टिव्हवर गेल्यानंतर ट्विटर जायला लागले असतील, तर पहिली नजर ॲम्पच्या फिल्टरवर टाका. पुष्कळ ॲम्पवर एचपीएफचं (खालचं अडवून वरचं सोडणाऱ्या फिल्टरचं) बटण ५० ते ५०० हर्ट्झपर्यंतच फिरतं. ट्विटरसाठी त्याशेजारी एक चिमुकला ×१० चा खटका असतो. तो दाबला तरच ३५० चे ३,५०० होतात. बटण ३५० वर नेऊन ठेवलं, खटका दाबायचा राहिला, तर ट्विटरला ३५० हर्ट्झपासून सगळं जातं. माणसाचा आवाज, तबला, सगळं. काही ॲम्पवर हा खटका नसतोच. असा ॲम्प ट्विटर ॲक्टिव्ह चालवण्याच्या कामाचा नाही, त्याला काप हेड युनिटमधून किंवा डीएसपीमधूनच द्यावा लागेल. आणि एचपीएफ / फुल (काहीच न अडवणारा) / एलपीएफ (वरचं अडवणारा) हा तीन जागांचा सरकखटका सीटखाली पाय लागून किंवा गाडी धुताना 'फुल'वर सरकतो, हेही बघून ठेवा.

हे डोळ्यांनी बघून भागत नाही, मोजावं लागतं. मोजायची रीत अशी आहे की त्यात गेनही बसतो आणि क्रॉसओव्हरही तपासून होतो.

ट्विटरच्या तारा ॲम्पपासून सोडवा. हेड युनिटचा बास बूस्ट, लाउडनेस, इक्वलायझर बंद करा. ॲम्पचा फिल्टर 'फुल'वर, गेन सर्वांत खाली. ४०० हर्ट्झचा सूर लावा आणि हेड युनिटचा आवाज पूर्ण मर्यादेच्या तीन चतुर्थांशावर ठेवा. मीटर एसी व्होल्टवर, ट्विटरच्या चॅनेलच्या अधिक आणि वजा टोकांवर. बॉडीच्या अर्थवर मीटरचं टोक लावू नका, पुष्कळ ॲम्पमध्ये वजा टोक म्हणजे अर्थ नसतोच. आता गेन हळूहळू वाढवा. किती व्होल्टवर थांबायचं? वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ४ ओहमला ५० वॉट आरएमएसचा (म्हणजे सलग ताकदीचा) चॅनेल असेल तर १४.१ व्होल्ट, ७५ चा असेल तर १७.३, १०० चा असेल तर २०. ही कमाल सीमा आहे, ट्विटरला इथवर न्यायलाच हवं असं नाही.

आता तोच सूर चालू ठेवून एचपीएफचा खटका टाका. ३,५०० वर १२ डेसिबलचा काप खरंच बसला असेल तर १४ व्होल्टवरून मीटर ०.२ च्या आसपास कोसळलं पाहिजे. २४ डेसिबलचा असेल तर जवळजवळ शून्य. दीड व्होल्ट राहत असेल तर तुम्ही ६ डेसिबलवर आहात. आणि मीटर अकराच्या आसपासच रेंगाळलं, तर काप ३५० वर आहे, ×१० दाबलेला नाही.

सूर ४०० हर्ट्झचाच का? साध्या स्वस्त मीटरचा एसी भाग तेवढ्यापर्यंतच भरवशाचा असतो. ट्विटर आहे म्हणून ५ किलोहर्ट्झचा सूर लावून मोजलं तर मीटर कमी व्होल्ट दाखवतं, तुम्ही गेन वाढवत जाता, आणि प्रत्यक्षात ॲम्प कधीच क्लिप झालेला असतो. काळजीपूर्वक गेन लावूनसुद्धा ट्विटर जळलेल्या गाड्यांमध्ये ही चूक निघते.

शेवटची खात्री कानांनी करा. ट्विटरच्या तारांना तो जुना चार इंची स्पीकर जोडा आणि हळू आवाजात गाणं लावा. झांज, टाळ, स-श-च यांची नुसती सळसळ आली पाहिजे. गायकाचा आवाज ओळखू येतोय किंवा ढोलाचा ठोका जाणवतोय तर तिथेच थांबा. हेड युनिटमागे आरसीएची (ॲम्पकडे सिग्नल नेणाऱ्या तारांची) अदलाबदल झाली असेल तर ती याच चाचणीत पकडली जाते. पायोनियरच्या काही युनिटमध्ये नेटवर्क मोड असतो, त्यात पुढचं आउटपुट ट्विटरसाठी आणि मागचं मिडसाठी (मधल्या सुरांच्या दारातल्या स्पीकरसाठी) होतं. तोच मोड साधा केला की पुढच्या आउटपुटमधून पूर्ण आवाज यायला लागतो.

आणि सेटिंग टिकतंय का? गाडी सर्व्हिसिंगला गेली, बॅटरीचं टर्मिनल काढलं, परत लावलं, आणि काही अँड्रॉइड हेड युनिट मूळ सेटिंगवर जातात. काप हेड युनिटमध्येच असेल तर तो गेला. म्हणून बॅटरीला हात लागल्यावर आवाज वाढवण्याआधी क्रॉसओव्हरचं पान उघडून बघायची सवय लावा. तपासणीच्या वेळी एकदा मुद्दाम टर्मिनल पाच मिनिटं काढून ठेवा आणि काप जागेवर राहतो का ते पाहा. नसेल राहत, तर त्या युनिटच्या भरवशावर ट्विटर ठेवू नका, ॲम्पचाही फिल्टर थोडा खाली, २ किलोहर्ट्झच्या सुमाराला, राखण म्हणून चालू ठेवा.

चालू-बंद करताना 'धप्प'

गाडी चालू केली की स्पीकरमधून धप्प आवाज येतो का? पॅसिव्हमध्ये तो कंडेन्सरवर अडतो. ॲक्टिव्हमध्ये ॲम्प आणि ट्विटर यांच्यात काहीच नसतं, प्रत्येक धप्प डोमवर बसते. कारण बहुधा रिमोटच्या (ॲम्पला चालू-बंद करणाऱ्या) तारेत असतं. ॲम्पची रिमोट तार हेड युनिटच्या निळ्या-पांढऱ्या तारेला हवी. ती फ्यूज बॉक्सच्या एखाद्या चावीवरच्या लाइनला जोडलेली असेल तर ॲम्प आधी जागा होतो, हेड युनिट मागाहून, आणि त्याच्या जागं होण्याचा झटका ॲम्प मोठा करून पुढे ढकलतो.

ॲम्पच्या टोकांवर डीसीही मोजून घ्या. स्पीकर सुटे, आवाज शून्य, मीटर डीसी मिलिव्होल्टवर. ५० मिलिव्होल्टच्या खाली असेल तर ठीक. शंभरच्या वर जात असेल तर ॲम्प दुरुस्तीला द्या, कारण हा डीसी शांतपणे कॉइल तापवत राहतो.

हे सगळं नीट असलं तरी ॲक्टिव्ह ट्विटरच्या तारेत एक राखणदार कंडेन्सर घालाच. काप ३.५ किलोहर्ट्झवर असेल तर ४ ओहमला ४७ एमएफडी, बिनध्रुवी, १०० व्होल्ट. त्याचा स्वतःचा काप ८५० हर्ट्झजवळ पडतो, तुमच्या कापापेक्षा दोन सप्तकं खाली, त्यामुळे आवाजात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. धप्प बरीचशी मरते, ॲम्प बिघडून डीसी आला तर तो पूर्ण अडतो. 'ॲक्टिव्हची शुद्धता जाते' म्हणून याला नाक मुरडणारे भेटतील. ऐकू नका. हा कंडेन्सर मात्र क्रॉसओव्हरची जागा घेत नाही. ४७ एमएफडी लावला म्हणून ॲम्पचा फिल्टर 'फुल'वर टाकला तर ट्विटर जाणारच.

पॅसिव्ह डबी स्वतःच बिघडली असेल तर

पॅसिव्ह शाबूत आहे तोवर अडवते, पण ती शाबूत आहे का? आपल्याकडे ती बहुधा दारात बसवली जाते, आणि दार म्हणजे पावसाळ्यात ओला भाग. काचेच्या कडेने पाणी आत उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं, ही गाडीची मूळ रचनाच आहे. डॅम्पिंग (दाराची थरथर दाबणारी शीट) लावताना आतला प्लास्टिकचा पडदा फाडला की तेच पाणी डबीवर येतं. जून ते सप्टेंबर कोल्हापूरहून गगनबावड्याच्या बाजूला रोजची ये-जा असेल तर एका हंगामात सोल्डरवर हिरवा गंज धरतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये किंवा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरात बुडालेल्या गाडीतली डबी वाळवून पुन्हा वापरू नये. कंडेन्सर बदलून मिळतात, पण गाळ कॉइलच्या वेढ्यांत राहतो.

डबी उघडा. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी जड कॉइलचा एक पाय सोल्डरमधून सुटलेला असतो. वरून चिकटलेला दिसतो, बोटाने ढकलला की हलतो. ट्विटरच्या बाजूची कॉइल सुटली की १२ डेसिबलचा फिल्टर एकट्या कंडेन्सरएवढा, ६ डेसिबलचा उरतो, आणि त्याचा परिणाम काय ते वर आलंच आहे. कॉइलचा रोध एका ओहमच्या आत हवा. कंडेन्सर एक पाय उपसून, मीटरच्या कपॅसिटन्स रेंजवर मोजा. छापलेल्या आकड्यापासून दहा टक्क्यांपेक्षा जास्त हटला असेल तर बदला.

चालत्या स्थितीत तपासायचं असेल तर ट्विटरच्या जागी तो ३.९ ओहमचा रेझिस्टर लावा. रिकाम्या टोकांवर मोजू नका, बिनओझ्याचा फिल्टर खोटं सांगतो. डबीच्या इनपुटला ४०० हर्ट्झचे २ व्होल्ट द्या. ३.५ किलोहर्ट्झच्या १२ डेसिबल डबीतून रेझिस्टरवर ३० मिलिव्होल्टच्या आत यायला हवेत. शंभर ते दोनशेच्या आसपास आले तर कॉइल सुटलेली आहे, जवळजवळ दोन व्होल्टच आले तर कंडेन्सर शॉर्ट आहे.

मोठ्या आवाजात ट्विटर बंद पडतो आणि दहा मिनिटांनी आपोआप परत येतो, ही तक्रार वेगळी. तिथे काही जळलेलं नाही. डबीतला संरक्षक भाग तापून लाइन तोडतोय आणि थंड झाला की जोडतोय. त्याला शॉर्ट करून टाकायचा सल्ला मिळेल. तो मानला की पुढच्या आठवड्यात खरंच नवा ट्विटर लागेल. आवाज आणि गेन खाली आणा.

करपलेली कॉइल: क्लिपिंग

पॅसिव्हमध्ये एकच चॅनेल मिड आणि ट्विटर दोघांना चालवतो. बासने तो चॅनेल क्लिप झाला की लाटेचे माथे छाटले जातात, त्या छाटणीतून वरच्या फ्रिक्वेन्सी तयार होतात, आणि डबी त्यांना इमाने इतबारे ट्विटरकडे पाठवते. शिवाय बास तिथेच अडकल्यावर आवाज वाढवला की वाढतो तो वरचाच भाग. त्यामुळे वूफरला काही होत नाही, ट्विटर करपतो. उपाय म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे गेन, आणि डबीच्या आधी ॲम्पचा एचपीएफ ७० ते ८० हर्ट्झवर. सहा इंची दारातल्या स्पीकरकडून खालचा बास मागायचाच नाही, तो सबवूफरचा. ॲक्टिव्हचा खरा फायदा इथे आहे: मिडचा चॅनेल क्लिप झाला तरी ट्विटरच्या चॅनेलला त्याचा पत्ता नसतो. पण हेड युनिटच क्लिप होत असेल तर दोन्हीकडे घाणच जाते, म्हणून बास बूस्ट बंद.

खोक्यावरच्या १०० वॉटचा अर्थही लक्षात ठेवा. तो आकडा क्रॉसओव्हरसकट पूर्ण गाण्याचा असतो. गाण्यात वरच्या पट्टीचा वाटा थोडा, म्हणून ट्विटर तगतो. एकट्या ट्विटरला तेवढी ताकद सलग दिली तर कॉइल काही क्षणांत संपते.

ट्विटर वाचला, पण आवाज पोकळ

डबी तशीच ठेवून वर ॲक्टिव्हही चालू केलेला असतो. दोन्हींचा काप ३.५ वर असला की त्या जागी दोनदा कापलं जातं आणि गायक लांब, भिंतीपलीकडे गेल्यासारखा वाटतो. एकच ठेवा. डबी ठेवायची तर ॲक्टिव्ह फक्त ७०-८० च्या एचपीएफसाठी. ॲक्टिव्ह ठेवायचा तर डबी तारेतून पूर्ण बाहेर.

एकच असूनही पोकळ असेल तर ट्विटरची अधिक-उणे बाजू उलटवून बघा. १२ डेसिबलच्या कापावर मिड आणि ट्विटर एकमेकांच्या बरोबर विरुद्ध हलतात, त्यामुळे तिथे ट्विटर उलटा जोडणं हेच बरोबर असतं. पॅसिव्ह डबीत हे बहुधा आतच केलेलं असतं. २४ डेसिबलला सुलटा. डोक्याच्या जागेवरून मोनो गाणं लावून ऐका, ज्या जोडणीत आवाज जास्त भरीव आणि समोर वाटतो ती ठेवा. त्यानंतर डीएसपी असेल तर टाइम अलाइनमेंट. आपण उजवीकडे बसतो, उजवा स्पीकर ९० सेंटिमीटरवर आणि डावा १४० वर असेल तर उजव्याला दीड मिलिसेकंद उशीर द्यावा लागतो, कारण आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो.

मग यातलं काय ठेवायचं

चार चॅनेलचा एक ॲम्प, मागे स्पीकर हवेतच, गाडी घरात तिघं वापरतात आणि सर्व्हिसिंगला जाईल तिथे जाते: पॅसिव्ह ठेवा. सेटबरोबर आलेली डबी त्याच ट्विटर-मिडसाठी मोजून बनवलेली असते, ती काढून टाकण्यात शहाणपण नाही. जागा मात्र दारातली बदला. डॅशबोर्डखाली, पायाजवळच्या बाजूच्या पॅनेलमागे, कोरड्या जागी, जाड दुहेरी टेपवर नव्हे, स्क्रूवर बसवा. पुढच्या दोन ट्विटर आणि दोन मिडला वेगळा चॅनेल देण्याची तयारी असेल, सबला पाचवा असेल, काप बॅटरी काढल्यावर टिकत असेल आणि मोजायला बसायची हौस असेल, तर ॲक्टिव्ह. तेव्हा २४ डेसिबल, ३ ते ४ किलोहर्ट्झ, आणि तारेत ४७ एमएफडी. स्वस्तातला फुल-रेंज ॲम्प घेऊन 'नंतर डीएसपी टाकू' या बेताने ट्विटर आजच ॲक्टिव्ह जोडू नका.

सगळं जमल्यावर नवा ट्विटर खोक्यातून काढा. आवाज पाचावर ठेवून दहा मिनिटं ऐका, मग वाढवा. काम संपलं की ॲम्पच्या झाकणावर रंगाऱ्याची कागदी टेप चिकटवा आणि पेनने लिहा: एचपीएफ ३.५, ×१० दाबलेला, गेन कुठवर, ट्विटर सुलटा की उलटा, तारेत ४७ एमएफडी. त्याचा एक फोटो फोनमध्ये ठेवा. पुढच्या वेळी कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीला गाडी दुसऱ्या कामासाठी उघडली, तरी मिस्त्री ॲम्पला हात लावायच्या आधी ती टेप वाचेल.